उंदरांमध्ये टाइप १ डायबेटिस जीन्समुळे होतो म्हणतात, मग आमच्या घरात कुणालाच नसताना भाच्याला कसा झाला?

तुम्ही डिचोलीहून विचारलंय की भाच्याला टाइप १ निघाला, घराण्यात कुणालाच नाही, आणि बहिणीच्या सासरी म्हणतात हे तिच्या माहेरचंच, वर चवथीला नेवऱ्या खाऊ घातल्यान म्हणून. आधी नेवऱ्यांचं सांगून टाकतो, त्यांचा काहीएक संबंध नाही, टाइप १ गोड खाऊन होत नाही, त्यात आपल्याच शरीरातल्या पांढऱ्या पेशी इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना मारतात. जीन्सचं मात्र नीट सांगायला हवं, कारण ते अर्धंच खरं आहे आणि त्या अर्ध्यावरनंच तुमच्या बहिणीला बोल लावतायत.

मी ताळगावला बायोटेक केलं, नंतर काही वर्षं गोव्याबाहेर एका लॅबमध्ये तुम्ही वाचलेल्या त्याच उंदरांवर काम केलं. एनओडी म्हणतात त्यांना, जपानमध्ये तयार झालेली जात, १९८० साली तिच्यावरचा पेपर आला. ह्यांना काही टोचावं लागत नाही, डायबेटिस आपोआप होतो. चार-पाच आठवड्यांचे असतानाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांभोवती पांढऱ्या पेशी जमायला लागतात, मायक्रोस्कोपखाली फिकट गुलाबी पुंजका आणि त्याच्या कडेला गडद जांभळे ठिपके, आधी एका बाजूला आणि मग हळूहळू आत आत. बाहेरून बघाल तर उंदीर ठणठणीत. आणि बाराव्या आठवड्यानंतर कधीतरी सकाळी एखाद्या पिंजऱ्यातला भुसा ओलाचिंब दिसतो, तेव्हा कळतं की कुणाची तरी शुगर चढलीय.

आता जीन्स. सगळ्यात मोठा वाटा एमएचसी नावाच्या जीन्सचा, माणसांत त्यांनाच एचएलए म्हणतात. मासळीवाली पाटीत मासे मांडून दाखवते ना, तशा आपल्या काही पेशी प्रथिनांचे तुकडे एमएचसीच्या खाचेत मांडून टी पेशींना, म्हणजे पांढऱ्या पेशींतल्याच एका प्रकाराला, दाखवतात, आणि थायमसमध्ये, म्हणजे टी पेशी जिथे तयार होतात त्या छातीतल्या ग्रंथीत, जी टी पेशी आपल्याच शरीराच्या तुकड्यावर चवताळते ती सहसा तिथेच संपवली जाते. एनओडीच्या खाचेत अमिनो ॲसिडच्या साखळीत ५७ नंबरच्या जागी ॲस्पार्टिक ॲसिड असायला हवं तिथे सेरीन आहे, त्याने खाच बदलते, इन्सुलिनचा एक ठरावीक तुकडा तिच्यात सैल बसतो, आणि असं मानतात की म्हणूनच इन्सुलिनवर उठणाऱ्या टी पेशी थायमसमधून निसटतात. १९८७ मध्ये माणसांतही तीच ५७ नंबरची जागा सापडली, टाइप १ च्या कितीतरी पेशंटमध्ये दिसणाऱ्या डीक्यू८ ह्या एचएलएच्या प्रकारामध्येही तिथे ॲस्पार्टिक ॲसिड नाही. उंदीर कुठे, माणूस कुठे, आणि खोट नेमकी त्याच जागी! मला हे आजही थक्क करतं.

पण पुढचं बहिणीच्या सासरी जरूर वाचून दाखवा. एनओडीचा एमएचसी काढून दुसऱ्या जातीचा घातला तर डायबेटिस होत नाही, ठीक. मग उलटंही करून बघितलं, एनओडीचा एमएचसी साध्या काळ्या उंदरांत घातला, तर त्यांनाही होत नाही. म्हणजे हा जीन लागतो पण एकटा पुरत नाही, त्याच्या जोडीला जीन्समधल्या आणखी वीसहून जास्त जागा सापडल्यात, आयएल-२ आणि सीटीएलए-४ सारखे टी पेशींना आवर घालणारे जीन्स त्यातलेच. आणि एवढं सगळं जमूनसुद्धा, जीन्स एकसारखे, खाणं तेच, तरी माद्यांमध्ये साधारण ६० ते ८० टक्क्यांना होतो आणि नरांमध्ये २० ते ३० टक्क्यांनाच, काहींना तर मरेपर्यंत होत नाही. पिंजरे जितके स्वच्छ, जंतू जितके कमी, तितका जास्त होतो हेही बघितलं गेलंय.

माणसांत सगळ्यात जास्त धोका कधी, तर एचएलएच्या प्रकारांपैकी डीआर३ चा संच एका पालकाकडून आणि डीआर४-डीक्यू८ चा दुसऱ्याकडून आला तर. म्हणजे आईचं आणि बापाचं दोन्हीकडचं जुळून येतं, आणि ते असलेल्या बहुतेकांना आयुष्यात कधी डायबेटिस होतच नाही, म्हणून तर टाइप १ च्या दहातल्या जवळपास नऊ जणांच्या घरात आधी कुणालाच नसतो. ह्यात बहिणीचा काय दोष, तुम्हीच सांगा.

तुम्ही भाच्याच्या धाकट्या बहिणीचं विचारलंय. सख्ख्या भावंडाला धोका शंभरात पाच-सहा, पाश्चात्य देशांतल्या आकड्यांवरून. जीन्सची टेस्ट करून फारसं हाती लागणार नाही, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला सुरू झालाय का हे दाखवणाऱ्या जीएडी, आयए-२ वगैरे अँटीबॉडीजची रक्ततपासणी करायची का ते एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांना विचारा, दोन किंवा जास्त पॉझिटिव्ह आल्या तर पुढे होण्याची शक्यता खूप वाढते. तेव्हाही हात बांधून बसावं लागत नाही, टी पेशींवरच्या सीडी३ ह्या प्रथिनाला धरणाऱ्या अँटीबॉडीने १९९४ मध्ये एनओडी उंदरांचा नुकता झालेला डायबेटिस परतवला होता, त्याच वाटेने पुढे टेप्लिझुमॅब हे औषध आलं, २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, आठ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी, ट्रायलमध्ये त्याने आजार साधारण दोन वर्षं लांबवला. आणि धाकटी सारखी पाणी पाणी करायला लागली, परत अंथरूण ओलं करायला लागली, किंवा खाऊनपिऊन वजन उतरायला लागलं तर वाट बघू नका, त्याच दिवशी शुगर तपासा, भाच्याचं मशीन घरात आहेच.