माणसं गायब झाली तर कोणते प्राणी टिकतील? (मुलांच्या विनोदी चित्रकादंबरीसाठी)

माणसं नाहीशी झाल्यावरची चित्रकादंबरी तुमची मुलगी काढतेय आणि तिला खऱ्यावर बेतलेली पात्रं हवीत, तर नायक म्हणून डोळे झाकून मेंढा घ्या. मेरिनो जातीच्या मेंढ्यांची लोकर आपोआप गळत नाही, वाढतच जाते. न्यूझीलंडमधला श्रेक नावाचा मेंढा कातरणी चुकवत सहा वर्षं गुहांमध्ये दडून बसला होता. २००४ मध्ये सापडला तेव्हा अंगावर तब्बल २७ किलो लोकर! आता कातरायला माणूसच नाही म्हटल्यावर याचं काय होईल? अर्धं पुस्तक तिथेच झालं.

खलनायक हवेत तर थायलंडमधल्या लोपबुरीची माकडं. २०२० मध्ये पर्यटक बंद झाले आणि थोड्याशा खाण्यावरून भर रस्त्यात टोळ्यांची हाणामारी जुंपली. त्याच सुमारास वेल्समधल्या लँडिडनो गावात डोंगरावरच्या रानटी बकऱ्या उतरल्या आणि लोकांची झुडपांची कुंपणं फस्त करून गेल्या. या बिनधास्त टिकतील, मांजरंही.

झुरळं जग जिंकतात हा विनोद मात्र जरा शिळा झालाय. शिवाय स्वयंपाकघरातल्या झुरळांना ऊब लागते. थंड देशात हीटर बंद पडले की त्यांचीही गच्छंती!

आणि घराचा प्रश्न? अणुभट्टीच्या अपघातानंतर रिकाम्या झालेल्या चेर्नोबिलच्या ओसाड भागात १९९८ पासून सोडलेले प्रझेवाल्स्की जातीचे रानटी घोडे रिकाम्या गोठ्यांत, पडक्या इमारतींत खुशाल मुक्काम ठोकतात. भाडं कोण मागणार?