प्लॅस्टिकचे डबे जास्त घातक की संडास धुवायचं अ‍ॅसिड?

मी सांगलीचा, म्हणून आधी अ‍ॅसिडचंच सांगतो. २०१९ च्या महापुरानंतर चिखल काढून घरं धुताना आमच्याकडे ब्लीचिंग पावडर सढळ हातानं वापरली गेली. संडासात ती टाकून वर अ‍ॅसिड ओतलं की क्लोरीन वायू निघतो. डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, बंद मोरीत तर जीव कोंडतो. ‘दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ’ हे खूळ डोक्यातून काढा. वास आलाच तर आधी बाहेर पडा, बादली नंतर बघू. आणि अ‍ॅसिड पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. पोरं पाणी समजून तोंडाला लावतात.

प्लॅस्टिकचा धोका सावकाशीचा. उष्णता आणि तेल लागलं की त्यातली रसायनं जास्त सुटतात. म्हणून टपरीवरचा उकळता चहा पातळ पिशवीतून आणण्यापेक्षा स्टीलची किटली न्या. बुडाला त्रिकोणात ५ असेल तर डबा पॉलिप्रॉपिलीनचा, तो त्यातल्या त्यात गरम सोसतो. कोरड्या डाळ-तांदळाच्या डब्यांची मला तरी फारशी काळजी वाटत नाही.

द्राक्षबागेच्या औषधाचा रिकामा कॅन धुऊन पाण्याला? अजिबात नाही, कितीही घासला तरी.