बिऱ्हाड हलवणं ही राजकीय निवड असू शकते का?

तुम्ही विचारलंय, की मत देणं ही राजकीय निवड असेल तर न पटणारा कारभार सोडून दुसरीकडे राहायला जाणं हीही तशीच निवड म्हणायची, की नुसता पळपुटेपणा? मला विचाराल तर ती निवडच आहे. बऱ्याचदा मतापेक्षा जास्त विचार करून केलेली.

हे मी स्वतःवरून सांगते. मतदानाच्या रांगेत उभी असताना मला निम्म्या उमेदवारांची नावंही ठाऊक नव्हती. लाखो मतांत माझ्या एकटीच्या मताने निकाल फिरणार नाही, हे मनात कुठेतरी होतंच. पुढे बिऱ्हाड हलवायची वेळ आली तेव्हा मात्र मी वही घातली. पाणी किती वेळ येतं, सरकारी दवाखान्यात डॉक्टर बसतात का, पोलीस तक्रार लिहून घेतात का, रात्री एकट्या बाईला बसने घरी येता येतं का. ओळखीपाळखीच्यांना फोन करकरून तीन महिने ती वही भरत होते. मत देताना इतकी चौकशी मी कधीच केली नव्हती, कारण या निर्णयाचं बरंवाईट थेट माझ्याच घरात येणार होतं.

‘लोक पोटासाठी जातात, त्यात राजकारण कसलं?’ असंही म्हणतात. अमेरिकेत १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतली राज्यं सोडून उत्तरेला आणि पश्चिमेला गेली. कारखान्यातली मजुरी हे कारण होतंच. पण दक्षिणेत बहुतेकांना मत देऊ दिलं जात नव्हतं, आणि जमावाने जीव घेतला तर दाद मागायची सोय नव्हती. यातलं राजकारण तिथल्या गोऱ्या सत्ताधाऱ्यांना बरोबर कळलं. जॉर्जियातल्या मेकन शहराने मजूर नेणाऱ्या एजंटांवर २५,००० डॉलरचं परवाना शुल्क लावलं. काही स्टेशनांवर पोलिसांनी फलाटावरच लोकांची तिकिटं फाडली. ज्यांच्या मताची त्यांना पर्वा नव्हती, त्यांच्या हातातल्या रेल्वेच्या तिकिटाची धास्ती होती! उत्तरेत गेल्यावर त्याच माणसांना मत देता आलं. १९२८ साली शिकागोतून ऑस्कर डी प्रीस्ट अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले, उत्तरेतल्या राज्यातून निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय.

आता पळपुटेपणाचं. जाणारे गेले की मागे राहिलेले दुबळे होतात, असं मलाही वाटायचं. पूर्व जर्मनीबद्दल वाचलं आणि ते मत बदललं. १९६१ साली तिथल्या कम्युनिस्ट सरकारने बर्लिनची भिंत बांधली ती आपलीच माणसं पश्चिम जर्मनीकडे जाऊ नयेत म्हणून. १९८९च्या सप्टेंबरात हंगेरीने ऑस्ट्रियाकडची सीमा पूर्व जर्मनांना मोकळी केली आणि हजारो निघून गेले. त्याच सुमारास पूर्व जर्मनीतल्याच लाइपझिग शहरात दर सोमवारी लोक रस्त्यावर जमत होते. ‘आम्हाला बाहेर जायचंय’ या घोषणेला तिथे दुसऱ्या घोषणेने उत्तर दिलं, ‘आम्ही इथेच राहणार’. वाट उघडी झाल्यावर ‘इथेच राहणार’ म्हणण्याला वजन आलं. ती लाचारी उरली नव्हती, सरकारला दिलेलं आव्हान होतं. ९ ऑक्टोबरला सुमारे ७०,००० लोक उतरले. बरोबर महिन्याने भिंत उघडली.

एक गोष्ट मात्र मला फार सलते. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम १३ कुठलाही देश सोडण्याचा आणि स्वतःच्या देशात परतण्याचा हक्क देतं. पुढचं कलम छळापासून बचावासाठी आश्रय मागू देतं. पण नुसता बरा कारभार हवा म्हणून दुसऱ्या देशात राहायला जाण्याचा हक्क त्यात कुठेच नाही. माझी वही भरली, मी सामानाची गाडी बोलावली आणि निघाले, कारण मी देशातल्या देशातच जात होते. सीमेपलीकडे जाऊ पाहणाऱ्या बाईने वही कितीही नीट भरलेली असो, व्हिसाच्या खिडकीवर ती कुणी उघडून बघत नाही.