'मर्द-ए-मोमिन' आणि 'निजाम-ए-मुस्तफा' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आहे की पाकिस्तानात लष्करशहा झिया-उल-हकचे समर्थक 'मर्द-ए-मोमिन, मर्द-ए-हक, झिया-उल-हक, झिया-उल-हक' अशी घोषणा द्यायचे तिचा अर्थ काय, आणि 'निजाम-ए-मुस्तफा' मधला निजाम हैदराबादचाच का.

निजामाचं आधी उरकतो. निजाम म्हणजे व्यवस्था, लावून दिलेली घडी. इंतजाम, नाझिम, कवितेतली नज्म ही सगळी त्याच धातूची पोरं. हैदराबादवाल्यांची मूळ पदवी निजाम-उल-मुल्क, तिचं बोलताबोलता नुसतं निजाम झालं, म्हणजे शब्द एकच पण तिथे माणूस आणि इथे व्यवस्था. मुस्तफा म्हणजे निवडलेला, हे पैगंबरांचं विशेषण. तर निजाम-ए-मुस्तफा म्हणजे पैगंबरांनी घालून दिलेली राज्यव्यवस्था.

आता यातली गोम अशी की ही घोषणा मुळात झियाची नाहीच. मार्च १९७७ च्या निवडणुकीत पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टोंनी गडबड केली म्हणून नऊ विरोधी पक्षांची आघाडी रस्त्यावर उतरली होती, घोषणा तिची. भुट्टोंनी घाईघाईत दारूबंदी आणली, शुक्रवारची सुट्टी जाहीर केली, पण तोवर उशीर झाला होता. ५ जुलैला लष्करप्रमुख झियाने सत्ता घेतली आणि त्याच दिवशीच्या भाषणात आंदोलनात दिसलेल्या इस्लामी भावनेचं तोंडभरून कौतुक केलं आणि ९० दिवसांत निवडणुका घेतो असंही सांगून टाकलं. त्या झाल्या थेट १९८५ साली, त्यासुद्धा पक्षांशिवाय, आणि भुट्टोंना तर १९७९ मध्येच फाशी झालेली. मला वाटतं 'निजाम' हा शब्द त्याच्या फार कामाचा होता, कारण निवडणूक म्हटली की लोक तारीख विचारतात, व्यवस्था लावतोय म्हटलं की कोण विचारणार?

मोमिन म्हणजे श्रद्धावंत, इमान असलेला. इमान, अमानत, अमीन सगळे एकाच कुळातले, आणि आपली 'अनामत' ही पण अमानतचीच उलटापालट. मर्द फारसी, अर्थ सांगायला नको. मर्द-ए-मोमिन ही कल्पना पाकिस्तानात इक्बालच्या कवितेतून सगळ्यांच्या ओळखीची, तिथे तो कुणापुढे न झुकणारा आदर्श माणूस असतो, लष्करी गणवेशातला राष्ट्राध्यक्ष नव्हे. हक म्हणजे सत्य, शिवाय ते ईश्वराचंही एक नाव, मराठीत येऊन त्याचा हक्क झाला. झिया म्हणजे प्रकाश. म्हणजे झिया-उल-हक = सत्याचा प्रकाश, हे आईबापांनी ठेवलेलं नाव, घोषणावाल्यांना यमक आयतंच मिळालं.

पूर्ण घोषणेत क्रियापद नाही हे बघा. अमुक केलं, तमुक करणार असं काहीच नाही, नुसती नामं आणि त्यांना जोडणारा तो 'ए'. दावाच केलेला नाही तर खोडणार काय, आणि 'हा मोमिन नाही' असं भर चौकात म्हणायची हिंमत कोण करणार.

याच्या अगदी उलट म्हणजे १९ डिसेंबर १९८४ च्या सार्वमतातला प्रश्न. ते एकच लांबलचक वाक्य होतं: कुराण आणि सुन्नत (पैगंबरांनी घालून दिलेला आचार) यांप्रमाणे कायदे बनवण्यासाठी, पाकिस्तानची विचारसरणी जपण्यासाठी झियाने जी प्रक्रिया सुरू केली ती पुढे चालू राहून सत्ता निवडून आलेल्या प्रतिनिधींकडे सुरळीत जावी हे तुम्हाला मान्य आहे का? हो की नाही. त्या वाक्यात राष्ट्राध्यक्षपदाचं अवाक्षर नाही, पण 'हो' जिंकलं की झिया पाच वर्षं राष्ट्राध्यक्ष असं हुकमातच लिहून ठेवलेलं. 'नाही' म्हणणारा माणूस नेमकं कशाला नाही म्हणतोय, झियाला की कुराणाला, हे वेगळं काढायची सोयच नव्हती. विरोधकांनी बहिष्कार घातला, आणि सरकारी आकड्यात 'हो' ९७ टक्क्यांच्याही वर गेलं.

शब्दाला शब्दानेच उत्तर दिलं ते शायर हबीब जालिबने. अंधाराला मी 'झिया' कसं लिहू, एवढाच त्याचा सवाल, नाव न घेता नाव घेतलेलं आणि उर्दू कळणाऱ्या प्रत्येकाला कळलेलं.

जाता जाता जकातीबद्दल, कारण मराठीत आपण हा शब्द नाक्यावर नेऊन बसवलाय. मूळ जकात म्हणजे ऐपतीच्या मुसलमानाने धर्म म्हणून द्यायचं दान. झियाने १९८० मध्ये ती सरकारी केली, रमजानच्या पहिल्या दिवशी बँकेतल्या बचत खात्यातून अडीच टक्के थेट कापून घ्यायचे. शियांचा धर्मशास्त्राप्रमाणे याला विरोध, त्यांनी त्याच वर्षी इस्लामाबादेत मोठं आंदोलन केलं आणि सवलत पदरात पाडून घेतली. बाकीचे लोक आदल्या दिवशी खात्यातून पैसे काढून आणायचे, मोमिन असोत नसोत.

लिहिताना मराठीत 'मर्द-ए-मोमिन' असं जोडरेघ देऊन लिहावं, मोमिन की मोमीन यावर भांडायचं कारण नाही, आडनाव म्हणून आपल्याकडे दीर्घच चालतं. 'मर्दे मोमिन' पण उच्चाराला जवळचं आहे, फक्त मग 'निजामे मुस्तफा' लिहा, एकात रेघ आणि दुसऱ्यात नाही असं नको.