१८व्या शतकाला ‘अंदाधुंदीचा काळ’ म्हणणं इतिहासकारांनी का सोडलं?

तुमचा प्रश्न असा: जुन्या पाठ्यपुस्तकात १७०७ ते १८१८ म्हणजे नुसती बजबजपुरी, आणि एम.ए.च्या नव्या पुस्तकांत मात्र प्रादेशिक राज्यांची भरभराट. परीक्षेत यातलं काय लिहायचं? आधी कोणी कुठले कागद वाचले ते पाहा. मतं बदलली ती मुख्यतः त्यामुळे.

मोगल काळाचे इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी मराठी कागदही वापरले, पण त्यांच्या मांडणीचं केंद्र दिल्ली. दिल्लीतून पाहिलं की शतकभर पडझडच दिसते. १९५९ ते १९६६ या काळात सतीश चंद्र, इरफान हबीब आणि अथर अली यांनी पडझडीची कारणं बादशहाच्या स्वभावातून काढून जहागिरी, जमीनमहसूल आणि सरदारवर्गात शोधली. हा बदल मोठा होता, तरी गोष्ट ऱ्हासाचीच राहिली.

पुढे स्टुअर्ट गॉर्डन यांनी माळव्यातल्या मराठी अमलाचे हिशेब तपासले, मुझफ्फर आलम यांनी अवध-पंजाब आणि बेली यांनी उत्तरेतल्या पेठा व सावकार अभ्यासले. तिथे कारभाराची घडी बसताना दिसू लागली.

चौथाईचंच घ्या, म्हणजे मराठे महसुलातला जो चौथा हिस्सा मागत त्याचं. पूर्वी सरसकट ‘लूट’ म्हटलं जायचं. कागदावर वाटणी अशी: आकार, म्हणजे ठरलेला महसूल, १००० रुपये धरला तर चौथाई २५०. त्यातली २५ टक्के राजबाबती, म्हणजे ६२॥ रुपये राजाचे. ६ टक्के साहोत्रा, १५ रुपये. ३ टक्के नाडगौडा, ७॥ रुपये. उरलेला ६६ टक्के मोकासा, १६५ रुपये, सरदाराकडे. सरदेशमुखीचे १० टक्के वेगळेच. एकाच गावावर इतक्यांचे हक्क, तेही टक्केवारीने लिहून ठेवलेले! आंद्रे विंक यांनी मराठी सत्तेकडे हक्कांच्या वाटाघाटीतून उभं राहणारं राज्य म्हणून पाहिलं, त्यामागे असलेच कागद आहेत.

पण इथे आपण मराठी वाचक पटकन सुखावतो, ते टाळा. १७४०च्या दशकात बंगालमध्ये बारगीरांनी, म्हणजे मराठी घोडेस्वारांनी, जी लूटमार केली, ती गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यात आहे. तिथल्या विणकरांना पुण्याच्या ताळेबंदाशी काय देणंघेणं? अथर अलींनी नव्या मांडणीवर कडक टीका केली आणि मला तिच्यात बरंच तथ्य वाटतं. खुद्द आलम यांनाही अवध आणि पंजाब वेगळे दिसले: एकीकडे सुभेदाराने जम बसवला, दुसरीकडे बंडाळीत व्यापार मोडला. म्हणून उत्तरात प्रदेश आणि दशक लिहिल्याशिवाय ‘भरभराट’ किंवा ‘ऱ्हास’ लिहू नका.

शतकाच्या उत्तरार्धाचा वाद निराळा: ईस्ट इंडिया कंपनीने जुनीच व्यवस्था पुढे चालवली की ती मोडली? बेली सातत्यावर भर देतात, हबीब तुटलेपणावर. मुंबईसाठी लक्ष्मी सुब्रमण्यन वाचाच. मुंबई सरकारचा पैसा सुरतेच्या सराफांच्या हुंड्यांवर कसा फिरत होता, ते त्यांनी दाखवलं. मात्र १७६५ला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, मिळाल्यावर तिथल्या महसुलातून माल खरेदी होऊन विलायतेला जाऊ लागला. हे सातत्यात बसत नाही.

प्रबंधासाठी मूळ कागद पाहायचे तर कंपनीची दप्तरं काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आहेत, मोडी कागदांचे रुमाल (गठ्ठे) पुण्याच्या पेशवे दप्तरात. आकडे उतरवताना तीन ठिकाणी हमखास चूक होते. जमाबंदी ही ठरवलेली मागणी असते, हाती आलेला पैसा नव्हे. वसूल आणि बाकी वेगळी पाहा. रुपये कुठल्या नाण्याचे ते न बघता बेरीज केली की बट्ट्यामुळे (नाणं बदलताना होणाऱ्या कपातीमुळे) हिशेब चुकतो. आणि मराठी कागदांतला सुहूर सन मृगात बदलतो: इसवी सन काढायला पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेच्या सुहूर सनात ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००.