वाचकांचे प्रश्न : पिशवीतल्या मॅशमधून साखर कमी का उतरते?

प्रश्न : मी मूळचा नागपूरच्या धरमपेठेतला, नोकरीनिमित्त सध्या मेलबर्नला राहतो. येथे स्वतःच्या वापरासाठी घरी बिअर करण्याची मुभा आहे. मी एकाच मोठ्या पातेल्यात कापडी पिशवी लावून, माल्टचा तयार अर्क न वापरता थेट धान्यापासून बिअर करतो. ५ किलो फिकट बार्ली माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) ३१.५ लिटर पाण्यात ६६ अंशांवर एक तास ठेवतो (हाच मॅश) आणि मग पिशवी उचलून चांगली पिळतो. उकळण्यापूर्वी २८ लिटर वर्ट, म्हणजे माल्टचे गोड पाणी, मिळते व त्याची विशिष्ट घनता १.०३६ भरते, उकळून २३ लिटर उरल्यावर ती १.०४४ होते. कृतीप्रमाणे १.०५३ यायला हवी. माल्ट दुकानातूनच भरडून आणतो. पिशवी आणखी जोर लावून पिळावी की माल्ट वाढवावे?

उत्तर : आपल्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी नागपुरातील वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा आपल्या राज्यात गुन्हा आहे. त्यामुळे पुढील उत्तर जेथे असे करणे कायदेशीर आहे तेथील वाचकांसाठी आहे.

आपण आकडे नेमके दिल्यामुळे निदान सोपे झाले आहे. घनतेच्या दशांशचिन्हानंतरच्या तीन आकड्यांना अंक म्हणू, १.०३६ म्हणजे ३६ अंक. चांगल्या फिकट माल्टमधले विरघळण्याजोगे सगळे द्रव्य उतरले, तर १ किलोपासून १ लिटरच्या हिशेबाने सुमारे ३०० अंक मिळतात. आपल्या ५ किलोंचे १५०० झाले. हाती आले २८ गुणिले ३६, म्हणजे १००८. म्हणजे उतारा सुमारे ६७ टक्के. उरलेले अंक दोनच ठिकाणी असू शकतात : एक तर ते दाण्यातून सुटलेच नाहीत, किंवा सुटून पिशवीतल्या चोथ्याला चिकटून राहिले.

आता पाण्याचा हिशेब पाहा. ३१.५ लिटरपैकी २८ लिटर परत मिळाले, म्हणजे चोथ्याने किलोमागे ७०० मिलिलिटरच धरून ठेवले. पिळलेल्या पिशवीच्या मानाने हे प्रमाण समाधानकारक आहे. शिवाय पिळल्याने वर्टचे आकारमान वाढते, घनता वाढत नाही. ५ किलो माल्ट ३१.५ लिटर पाण्यात पूर्णपणे उतरले असते, तर पिशवी उचलण्याआधीच पातेल्यात १.०४३ ते १.०४४ घनता दिसली असती, आणि तेच वर्ट २३ लिटरपर्यंत आटल्यावर १.०५३ झाले असते. म्हणजे आपली तूट पिशवी उचलण्याआधीची, दाण्यातच राहिलेली आहे. जे दाण्यातून बाहेरच आलेले नाही ते पिळून मिळणार नाही, आणि माल्ट वाढवणे म्हणजे तीच नासाडी थोडी अधिक प्रमाणात करणे होय.

अर्थात, मोजमाप बरोबर आहे याची खात्री आधी करावी. बहुतेक हायड्रोमीटर (घनता मोजण्याची उपकरणे) २० अंश तापमानासाठी आखलेले असतात. ४० अंशांच्या वर्टमध्ये तेच उपकरण सुमारे ६ अंक कमी दाखवते, आणि ६० अंशांना तर १५ अंकांच्या आसपास. नमुना झाकून थंड करावा, आणि तो घेण्यापूर्वी पातेले तळापासून ढवळावे, कारण दाट वर्ट खाली बसते. थर्मामीटर उकळत्या पाण्यात तपासून घ्यावा. मेलबर्न समुद्रसपाटीला असल्याने तेथे १०० अंश दिसले पाहिजेत. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर असल्याने येथे तोच थर्मामीटर ९९ दाखवील आणि तेही बरोबरच असेल.

मोजमाप बरोबर निघाल्यास माझा पहिला संशय भरडीवर आहे. दुकानातील गिरणी सहसा सर्वांना चालेल अशा जाड भरडीवर लावलेली असते, कारण पारंपरिक पद्धतीत टरफलांचा थर हीच गाळणी असते आणि भरड बारीक झाली तर वर्ट तुंबते. आपल्याकडे गाळण्याचे काम कापड करते, त्यामुळे ती अडचण आपल्याला नाही. रोलरमधील अंतर १ मिलिमीटरच्या वर असेल, तर ते ०.७ ते ०.८ पर्यंत आणून द्यायला सांगावे. ते शक्य नसेल तर माल्ट दोनदा गिरणीतून काढावे. घरी आल्यावर मूठभर भरड पांढऱ्या ताटलीत पसरून नीट पाहावी. एकही अख्खा दाणा दिसता कामा नये. आतल्या गराचे कण फार तर जाड रव्याएवढे असावेत. टरफले फाटली तरी हरकत नाही. मात्र सगळ्याचे पीठ करू नये, कारण पिठाच्या गुठळ्या आतून कोरड्या राहतात आणि बारीक चुरा कापडातून निसटून तळाला करपतो.

भरडच दोषी आहे की नाही, हे आयोडीनने पडताळता येते. तासाभराने गाळीव वर्टचे चार थेंब ताटलीत घेऊन त्यात आयोडीनचा थेंब टाकल्यास रंग बहुधा पिवळसरच राहील आणि सगळ्या पिष्टाची साखर झाली असे वाटेल. पण पिशवीतला एखादा जाड कण चमच्याने चिरडून त्यावर आयोडीन टाकावे. तो गर्द निळा-काळा झाला, तर पिष्ट कणाच्या गाभ्यात अडकून आहे, पाणी तेथवर पोहोचलेले नाही, असा त्याचा अर्थ. ही दुसरी चाचणी बरेच जण करत नाहीत. ती नमुन्याच्या ताटलीतच करावी आणि नमुना टाकून द्यावा.

भरड सुधारल्यावर ढवळणे आणि वेळ यांकडे लक्ष द्यावे. माल्ट घालताना एकाने ओतावे व दुसऱ्याने ढवळत राहावे. त्यानंतर दर १५ मिनिटांनी तळापर्यंत ढवळावे आणि पातेले गोधडीत गुंडाळावे. बार्लीचे पिष्ट साधारण ६० ते ६५ अंशांना फुगून खुले होते, त्यामुळे कडेचे तापमान ६० च्या खाली उतरले तर तेथील काम थंडावते. तासाला चिकटून राहू नये; १५-१५ मिनिटांनी घनता मोजावी आणि सलग दोन वेळा ती सारखी येईपर्यंत थांबावे, मग दीड तास का लागेना.

पाण्याचाही थोडा विचार हवा. मेलबर्नचे पाणी फार मृदू आहे, आणि पिशवीच्या पद्धतीत मॅश पातळ असल्याने फिकट माल्टचा सामू (पीएच) ५.२ ते ५.६ या योग्य पट्ट्याच्या वर राहू शकतो. आपल्या पाण्यात सुमारे ६ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घातल्यास लिटरमागे ५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळेल व सामू किंचित उतरेल. तरीही तो जास्त असल्यास लॅक्टिक आम्ल अगदी थेंबाथेंबाने, थंड केलेला नमुना मीटरने मोजतच घालावे.

एवढे करून आणखी काही मिळवायचे असेल, तर ४-५ लिटर पाणी आधी बाजूला ठेवावे. पिशवी श्रीखंडाच्या चक्क्यासारखी टांगून त्यावर ते सावकाश ओतल्यास चोथ्यातली साखर धुऊन निघते. पिळल्याने बिअर तुरट होते ही समजूत मला पटत नाही. तुरटपणा येतो तो ७७ अंशांच्या वरच्या, सामू चढलेल्या पाण्याने टरफले धुतल्यास. आपण निश्चिंतपणे पिळावे. आपल्या पद्धतीत ७५ ते ८० टक्के उतारा मिळू लागला आणि तो दर वेळी तेवढाच येऊ लागला, तर त्यापुढे अंकांमागे धावू नये, असे माझे मत आहे. ठरावीक उताऱ्यावर कृती बसवता येते. बदलत्या उताऱ्यावर येत नाही.

प्रश्न : मला मद्य नको, ज्वारीच्या माल्टचा गोड पाक हवा आहे. मोड आणून, वाळवून, भरडून मी ज्वारी पिशवीत बांधून ६५ अंशांच्या पाण्यात ठेवते, पण पाणी जेमतेम गोड होते. काय चुकते? (मानेवाडा, नागपूर)

उत्तर : आपली पद्धत बार्लीची आहे आणि धान्य ज्वारीचे. ज्वारीचे पिष्ट खुले होण्यास साधारण ६८ ते ७८ अंश लागतात, पण तेवढ्या उष्णतेत माल्टमधील पिष्टाची साखर करणारी एन्झाइम नष्ट होऊ लागतात. म्हणून दोघांना वेगळे करावे. भरड ४५ ते ५० अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवून वरची निवळ काढून ठेवावी. त्यातच एन्झाइम असतात. खालचा साका पाणी घालून आंबिलीसारखा शिजवावा, ६५ अंशांपर्यंत निवू द्यावा, मग निवळ परत मिसळून दीड-दोन तास झाकून ठेवावे आणि त्यानंतरच पिशवीतून गाळून आटवावे. गाळलेले पाणी नागपूरच्या उन्हाळ्यात तसेच ठेवले तर लवकर आंबते, म्हणून आटवणे त्याच दिवशी उरकावे. एक दक्षता कटाक्षाने घ्यावी : ज्वारीच्या कोंबांत सायनाइड देणारे द्रव्य असते, त्यामुळे वाळवल्यावर मोड व मुळ्या चोळून, पाखडून पूर्णपणे काढून टाकाव्यात.