ट्रस्टच्या नावावरचं घर, आणि टोकन मागणारा मध्यस्थ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की शेजारचं बंद घर तुम्हाला घ्यायचंय, रेकॉर्डवर मालक म्हणून एका फॅमिली ट्रस्टचं नाव आहे, आणि एक मध्यस्थ म्हणतोय की ट्रस्टी माझ्या ओळखीतले, 10 टक्के टोकन द्या, बोलणी लावून देतो. तर त्यासाठी एफडी मोडू का?

नको. घर घेऊ नका असं म्हणत नाहीये, पण पैसे कुणाच्या हातात पडणार हेच अजून माहीत नाही तर एफडी कशाला मोडायची?

खाजगी ट्रस्टमध्ये साधारणपणे फायदा लाभार्थ्यांचा आणि सही ट्रस्टींची. लोक इथेच फसतात. माझ्या एका क्लायंटने पाच महिने घरातल्या थोरल्या मुलाशी बोलणी केली, त्याने घर उघडून दाखवलं, गळकं छप्पर दाखवून भावसुद्धा कमी केला, आणि शेवटी कळलं की तो नुसता लाभार्थी, ट्रस्टी म्हणजे त्याची आत्या आणि एक रिटायर्ड सीए, आणि त्या दोघांना या बोलण्यांचा पत्ताच नव्हता! नशीब, टोकन दिलेलं नव्हतं.

एकापेक्षा जास्त ट्रस्टी असले तर एकाच्या 'हो'वर जाऊ नका. भारतातल्या 1882 च्या ट्रस्ट कायद्यात कलम 48 आहे, ट्रस्ट डीडमध्ये, म्हणजे ट्रस्ट ज्या दस्ताने झाला त्यात, वेगळं लिहिलं नसेल तर सगळ्या ट्रस्टींनी मिळून काम करायचं. इंग्लंडमध्ये विक्रीचे पैसे साधारणपणे किमान 2 ट्रस्टींना द्यावे लागतात. आणि अमेरिकेत इलिनॉयसारख्या ठिकाणी लँड ट्रस्ट असतो त्यात सगळं उलटं, नाव बँकेचं आणि हुकूम लाभार्थ्याचा. धर्मादाय ट्रस्ट असेल तर बऱ्याच ठिकाणी वरची परवानगीही लागते, मग महिने जातात. म्हणून आधी हा ट्रस्ट कुठल्या जातीचा ते बघा.

माणूस शोधायला फार खर्च नाही. शेवटच्या दस्ताची नक्कल काढा, त्यात ट्रस्टीचं नाव, ट्रस्टची तारीख, कधीकधी दस्त करणाऱ्या वकिलाचं नावही असतं. मालमत्ता कराचं बिल कुठल्या पत्त्यावर जातं ते बघा, कारण घर बंद असलं तरी बिल कुणीतरी भरतंय ना, बहुतेक वेळा तोच तुमचा माणूस किंवा त्याचा अकाउंटंट. वकील नाव सांगणार नाही, पण पत्र पुढे पाठवा म्हटलं तर सहसा पाठवतो. ट्रस्टी वारलेले निघाले तर डीडमध्ये पुढचा कोण नेमलाय ते विचारा, कुणीच नसेल तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं, आणि तसं झालं तर ही जागा सोडून दुसरी बघा असं मी सांगेन.

पत्र एका पानाचं, "ट्रस्टी, अमुक ट्रस्ट" असं नाव टाकून. ट्रस्टीला स्वस्तात विकून लाभार्थ्यांचा रोष घ्यायचा नसतो, त्यामुळे "मला घर फार आवडलं" वगैरे लिहून काही होत नाही. स्वतंत्र मूल्यांकनाचा खर्च मी करतो, पैसे तयार आहेत, इतक्या दिवसांत व्यवहार पूर्ण करू शकतो, हे लिहा. ते त्याला फाइलला लावता येतं.

पैशाचं म्हणाल तर एफडी मुदतीआधी मोडली की व्याज कापलं जातं, आणि समोरून होकार यायला किती वेळ लागेल सांगता येत नाही. आत्ता फक्त वकिलाच्या टायटल सर्चपुरते, म्हणजे मालकीची कागदपत्रं तपासण्यापुरते पैसे काढा. पुढे टोकन द्यायची वेळ आलीच तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती न मोडता तिच्यावर उचल, मिळतो का विचारा, थोड्या दिवसांसाठी तोच बहुतेकदा परवडतो, आणि टोकन वकिलाच्या एस्क्रोमध्ये (व्यवहार होईपर्यंत पैसे राखून ठेवायचं खातं) किंवा ट्रस्टच्याच खात्यात, मध्यस्थाच्या नाही.

मध्यस्थाला तोडू नका लगेच, खरंच ओळख असेलही. फक्त सगळ्या ट्रस्टींच्या सहीचं, याला बोलणी करायचा अधिकार दिलाय असं पत्र मागा. आणलं तर मला परत लिहा, टोकन किती द्यायचं ते तेव्हा बघू.